फोन बोलणाऱ्याजवळ

नात माझ्या कानाशी आली, दोन्ही हातांचा आडोसा करून काहीतरी कुजबुजली आणि मी हसून मान डोलावली. चार वर्षांची पोर, गुपित सांगायला आली होती. ती मागे सरली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, "मग सांग, मी काय म्हणाले?" मला सांगता येईना. तिच्या श्वासाची ऊब कानाला लागली होती, फुसफुस ऐकू आली होती, शब्द मात्र एकही कळला नव्हता. ती रागावली नाही. आजोबांकडे गेली आणि तेच त्यांच्या कानात सांगून आली. मला ते फार लागलं.

त्याआधीची दोन-तीन वर्षं माझ्याकडे सबबी होत्या. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मालिकेत संवादांपेक्षा संगीत मोठं असतं. नवरा दुसऱ्या खोलीतून, तेही पाठ करून बोलतो. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर त्या सबबी इतकी वर्षं टिकल्या. पण माझं काम हिशेबाचं, आणि आकड्यांपुढे सबबी चालत नाहीत. फोनवर कुणी "साठ" म्हणालं की मला "आठ" वाटायचं, कधी "सात". या तिन्ही शब्दांतला "आ" दणदणीत आहे. तो मला स्वच्छ ऐकू यायचा. फरक आहे तो त्याच्या पुढच्या-मागच्या "स", "ठ", "त"मध्ये, आणि माझ्याकडून निसटत होतं ते तेवढंच.

असं का होतं ते पुढे कळलं. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. "स", "श", "फ", "थ" यांसारखे आवाज वरच्या पट्टीतले आणि मुळात क्षीण. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात, आणि वरच्या पट्टीच्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी असतात. वय वाढतं तशा आधी त्याच जातात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. कुजबुजताना तर स्वरयंत्र कंपच पावत नाही, सगळा खेळ हवेचा. म्हणजे नातीने माझ्या कानात जे ओतलं ते नेमकं मला न मिळणाऱ्या आवाजांचंच बनलेलं होतं.

तरी श्रवणयंत्राचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. माझ्या आईचं यंत्र मी पाहिलं होतं. ते शिट्टी मारायचं, ती वैतागून काढायची, आणि शेवटी ते कपाटातल्या डबीत पडून राहिलं ते राहिलंच. मला ती डबी नको होती. इअरफोन घातलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. फोन तर हातात असतोच. मग ॲप का नको?

पहिलं ॲप मी घाईत उतरवलं. नाव मोठं, दावे त्याहून मोठे. त्यात आवाज वाढवायची एकच पट्टी होती. ती वर सरकवली की सगळंच वाढायचं: खुर्ची ओढल्याचा आवाज, पिशवीची चुरचुर, पंखा, आणि त्यात कुठेतरी माणूस. एकदा मुलगी महत्त्वाचं काही सांगत असताना त्या ॲपने मध्येच जाहिरात लावली. ती बोलत होती आणि माझ्या कानात भलतंच काही वाजत होतं. त्याच रात्री ते काढून टाकलं.

दुसऱ्यांदा मी नीट वाचून निवडलं. गुगलने 2019च्या फेब्रुवारीत दोन ॲप्स आणली होती, साउंड ॲम्प्लिफायर आणि लाइव्ह ट्रान्सक्राइब. पहिलं आवाज वाढवतं, दुसरं बोललेलं पडद्यावर लिहून दाखवतं. साउंड ॲम्प्लिफायरमध्ये हळू आवाज वेगळे उचलता येतात, वरची पट्टी वेगळी वाढवता येते आणि दोन्ही कानांचं प्रमाण वेगवेगळं ठेवता येतं. मी वायरचा इअरफोन लावला, फोन मांडीवर ठेवला आणि संध्याकाळभर ते सरकपट्टे हलवत बसले. एका टप्प्यावर भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. बंद पडलंय असं नव्हे, पण ते टिकटिक करतं हे मी विसरूनच गेले होते. मग नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि त्याची करकर इतकी ठसठशीत आली की मी दचकून वर बघितलं. "काय झालं?" त्याने विचारलं. मला रडू आलं होतं, आणि का ते त्याला सांगता येईना.

हा आनंद आठवडाभर टिकला. चार माणसं एकत्र बसली की पुन्हा तेच. फोन माझ्या मांडीवर, बोलणारे समोर, आणि फोनचा माईक त्याच्या सगळ्यात जवळचे आवाज पकडणार, म्हणजे माझ्या बांगड्या, माझं पदराशी चाळवणं, माझा स्वतःचा आवाज. खिशात ठेवला तर कापड घासल्याची खरखर. मी आवाज वाढवत गेले आणि डोकं दुखायला लागलं.

उपाय सापडला तो योगायोगाने. चार्जिंगची वायर आखूड होती म्हणून एका रात्री फोन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, नवऱ्याच्या हाताशी ठेवला होता. इअरफोन त्या दिवशी ब्लूटूथचे होते, मुलीने विसरलेले. तो नेहमीच्याच आवाजात काहीतरी म्हणाला आणि मला सगळं वाक्य कळलं. अख्खं, शेवटच्या "स"सकट. मी त्याला थांबवलं. "परत बोल." तो परत बोलला. मग मी फोन माझ्याकडे ओढला. "आता बोल." पुन्हा सगळं विसविशीत. फोन त्याच्याकडे सरकवला. स्पष्ट. त्या रात्री आम्ही जेवण थंड होईपर्यंत हेच करत बसलो.

यामागचं गणित सरळ आहे. आवाजाच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलनी वाढतो (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप). दोन मीटरवरचा फोन पंचवीस सेंटिमीटरवर नेला म्हणजे अंतर तीनदा निम्मं झालं, 18 डेसिबलचा फायदा. खोलीतला बाकीचा कलकलाट मात्र माईकला होता तेवढाच राहतो. ॲपची पट्टी वर सरकवून हे कधीच साधणार नाही, कारण पट्टी माणूस आणि कलकलाट दोन्ही सारखेच वाढवते. आयफोनवर लाइव्ह लिसन नावाची सोय आहे तीही याच तत्त्वावर चालते: फोन बोलणाऱ्यापाशी, ऐकायचं साधन तुमच्या कानात. ॲप वापरून "काही उपयोग नाही" म्हणणारी जी माणसं मला भेटली, त्यांतल्या बहुतेकांनी फोन स्वतःपाशीच ठेवला होता.

तेव्हापासून बैठकीत मी फोन साहेबांसमोर ठेवायला लागले. आधी विचारून. "मला कमी ऐकू येतं, हा माईक म्हणून इथे ठेवते, यात काही रेकॉर्ड होत नाही." हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना घशाला कोरड पडली होती. समोरच्याने फक्त "हो, ठेवा की" म्हटलं आणि फोन स्वतःच जरा जवळ ओढून घेतला.

ब्लूटूथची एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. आवाज माईकमधून फोनमध्ये, तिथून हवेतून कानात यायला वेळ लागतो. श्रवणयंत्रात ही दिरंगाई साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत ठेवलेली असते. साध्या ब्लूटूथ इअरफोनला 100 ते 300 मिलिसेकंद सहज लागतात. ऐकायला नगण्य वाटतं, पण समोरच्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ज्यांचं ऐकणं कमी झालेलं असतं ती माणसं नकळत ओठ वाचत असतात. मीही वाचत होते, मला ठाऊक नव्हतं इतकंच. ओठ आणि आवाज यांची फारकत झाली की तो आधारच जातो. त्यात स्वतःचा आवाज प्रतिध्वनीसारखा मागून येतो आणि बोलताना अडखळायला होतं. त्यामुळे घरात, समोरासमोर, मी वायरचाच इअरफोन वापरला. ब्लूटूथ ठेवलं ते लांबून एकट्या माणसाचं बोलणं ऐकायला, जिथे मला बोलायचं नसतं.

आकड्यांचा प्रश्न लाइव्ह ट्रान्सक्राइबने सोडवला. त्यात मराठी आहे. कामाचा फोन स्पीकरवर ठेवायचा आणि शेजारी दुसऱ्या फोनवर हे ॲप चालू करायचं. पलीकडचा "साठ" म्हणाला की पडद्यावर 60 उमटायचं. पहिल्या दिवशी मी त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. हे ॲपही चुकतं. माणसांच्या नावांचं काहीच्या काही करतं, दोघं एकदम बोलले की दोन वाक्यांची गुंफण करून तिसरंच वाक्य काढतं, आणि मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात त्याचा तोल जातो. आणि चुकताना ते अडखळत नाही, चुकीचं वाक्यही बरोबर वाक्याइतक्याच ठामपणे लिहितं. म्हणून मी आकडे सुटे करून परत विचारते, "सहा-शून्य ना?" ही सवय मी प्रत्येकाला सांगेन. ॲप असो वा नसो, आकडा सुटा करून विचारा.

आता माझ्या चुकीबद्दल.

सुरुवातीपासून माझ्या उजव्या कानाला डाव्यापेक्षा जास्त आवाज लागत होता. ॲपमध्ये दोन कान वेगळे करता येतात याचा मला कोण अभिमान. महिन्यागणिक उजवी पट्टी थोडी वर, आणखी थोडी वर. फोनवर कानाची चाचणी घेणारी ॲप्स असतात, त्यांतल्या एकावर मी दोन-तीनदा चाचणीही केली. दर वेळी आकडे थोडे वेगळे यायचे, कारण एकदा पंखा चालू होता, एकदा इअरफोन दुसरे होते. पण उजवा कान मागे, हे दर वेळी सारखं होतं. ते मी बघितलं आणि पट्टी वर सरकवली. तीन-चार महिने हेच चाललं होतं. रात्री निजताना उजव्या कानात बारीक गुणगुण यायला लागली तेव्हा नवरा म्हणाला, "आता ॲप पुरे. डॉक्टर."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि पहिल्या मिनिटात सांगितलं: उजव्या कानात मळाचा घट्ट बोळा बसलाय. पडदा दिसतसुद्धा नव्हता. रोज इअरफोन आत खुपसून मी तो आणखी आत ढकलत आले होते. त्यांनी तो काढला. काढताना झालेला आवाज आणि त्यानंतर एकदम उघडलेलं जग मी विसरणार नाही. टेबलावर चिमटा ठेवल्याची टिंग उजवीकडून आली, उजवीकडूनच. चार महिने मी एका बुजलेल्या कानात आवाज ओतत होते. मी ते दाराबाहेरच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

डॉक्टरांनी मात्र मळावर हसून सोडून दिलं नाही. दोन कानांत ठळक फरक दिसला तर तो तपासायलाच हवा, असं ते म्हणाले. प्रत्येक वेळी कारण मळच असेल असं नाही. आणि कधी एखाद्या कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर ॲप-बिप काही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्यावरच्या औषधांचा उपयोग लवकर सुरू केली तरच होतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, रीतसर तपासणी झाली. आवाजबंद खोली, मोजमाप करून बसवलेले हेडफोन, हातात बटण. नुसती पीप ऐकायची आणि दाबायचं. नंतर कानामागच्या हाडावर एक कंप देणारी पट्टी लावली, म्हणजे बाहेरचा मार्ग वगळून थेट आतल्या कानाचं काय ते कळतं. शेवटी शब्द ऐकून परत म्हणायचे. त्या यादीत मी चुकले तिथे सगळीकडे तोच "स", तोच "थ".

आलेख हातात आला: कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर मला ऐकू आला ते दाखवणारा. हर्ट्झ म्हणजे पट्टी, आकडा मोठा तितकी ती वरची. 500 हर्ट्झला 20 डेसिबल, 1000ला 25, 2000ला 40, 4000ला 55. डावीकडून उजवीकडे उतरती घसरगुंडी. या चारांची सरासरी 35. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत 20 ते 34 म्हणजे सौम्य आणि 35 ते 49 म्हणजे मध्यम. मी नेमकी उंबऱ्यावर. मळ निघाल्यावर दोन्ही कान जवळपास सारखे निघाले, गुणगुणही पुढच्या काही दिवसांत ओसरली.

मी त्यांना विचारलं, मग ॲप बंद करू का? त्यांनी उलट मला विचारलं की मी ते कुठे-कुठे आणि किती आवाजावर वापरते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो. त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी होत जातो. माझ्या सुरुवातीच्या "सगळं वाढव" काळात मी त्यात बसत होते का, कुणास ठाऊक. कमजोर कानाचं आणखी एक आहे. हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी जास्तच बोचतो. मधली जागा अरुंद होते. चांगलं यंत्र हळू आवाज जास्त उचलतं आणि मोठा आवाज जवळपास तसाच ठेवतं. स्वस्तातलं ॲप भांडं पडल्याचा आवाजही तितक्याच इमानाने वाढवून देतं.

सगळी ॲप्स अशी नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. 2024च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो 2 या बिनवायरच्या इअरफोनसाठी श्रवणयंत्राचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. अठरा वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. ही सोय सगळ्या देशांत नाही, आणि तीव्र दोष असलेल्यांसाठी ती नाहीच. पण फोन आणि यंत्र यांच्यातली भिंत पातळ होत चालली आहे हे खरं. मुलीकडे ते एअरपॉड्स होते. मी आलेखातले आकडे फोनमध्ये भरून एक दुपार वापरून बघितले. आतापर्यंतच्या कुठल्याही ॲपपेक्षा मोकळं वाटलं, ओठ आणि शब्द बरोबरीने आले, कारण इथे माईक कानातच असतो. पण पाच-सहा तासांत ते पुन्हा डबीत चार्जिंगला. आणि लोकांना वाटतं मी गाणी ऐकतेय. एक जण बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "तुमचं ऐकून झालं की सांगा."

माझा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि रात्री दहापर्यंत बोलणी चालू असतात. या दिवसाला ॲप पुरत नव्हतं. मी दोन्ही कानांची यंत्रं आधी वापरून बघायला घेतली आणि मग ठेवली. पहिल्या पंधरवड्यात स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमायचा, नळाचं पाणी कानात ओतल्यासारखं वाटायचं. दोनदा जाऊन जुळवणी करून घेतली. आईच्या यंत्राला कुणी अशी दोनदा जुळवणी करून दिली होती का, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. कदाचित ते डबीत गेलं नसतं.

ॲप्स मी काढलेली नाहीत. बैठकीत फोन अजून बोलणाऱ्यासमोर असतो, फक्त आता आवाज यंत्रात येतो. आकड्यांच्या फोनला लाइव्ह ट्रान्सक्राइब अजून शेजारी लागतंच. रात्री यंत्रं काढल्यावर कुणी बोलायला आलं तर तेच उघडते. नातीला त्या ॲपचं भारी कौतुक. तिला वाचता येत नाही, पण आपण बोललो की काळी अक्षरं धावतात एवढं तिला कळतं. ती फोनशी तोंड नेऊन कुजबुजते. कुजबुज त्यालाही नीट कळत नाही, अर्धवट काहीतरी उमटतं. मग मी यंत्रं चढवते आणि तिला म्हणते, आता इकडे सांग. तिचं गुपित बहुतेक वेळा कुठल्या तरी बाहुलीला ताप आल्याचं असतं.

नवरा अजूनही दुसऱ्या खोलीतून बोलायला सुरुवात करतो. भिंतीपलीकडून, पाठ करून बोललेलं यंत्रालाही धड पकडता येत नाही आणि फोनलाही. पण हल्ली दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला तो थांबतो, हातातलं ठेवतो आणि दारात येऊन उभा राहतो. मग पहिल्यापासून बोलतो.